किशन पेंटरचा तांबडा रंग

हल्ली आमच्या रस्तारुंदीच्या कामावर पाडायच्या भिंतींवरच्या खुणा स्प्रेच्या डब्यानं मारतात. दोघं मोटारसायकलवर येतात. मागचा गाडीवरून उतरतसुद्धा नाही. फुस्स करून फुली मारतो आणि पुढं. सकाळभरात अख्खी आळी उरकते. त्या वाकड्या फुलीतून खाली ओघळलेला रंग दिसला की मला परभणीचे किशन पेंटर आठवतात. आणि आठवले की मी जेसीबीची चावी उगाच एकदा काढून परत लावतो. पाडकामात मला धास्तीची सवयच आहे, पण ही धास्ती वेगळी असते.

माझं घर तळकोकणात. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. मशीन शिकलो आणि ठेकेदार नेईल तिकडं जात राहिलो. परभणीला पहिल्यांदा उतरलो तेव्हा उन्हाळा होता आणि असलं ऊन मी जन्मात बघितलं नव्हतं. शहरातून जिंतूरकडं जाणारा रस्ता रुंद करायचा होता. गाव चारी बाजूंनी वाढलेलं, लांब शेतांत प्लॉट पडलेले, पण रस्ता मात्र बैलगाड्यांच्या वेळचा. उसाच्या ट्रॉल्या, कापसाचे ट्रक, ऑटो, एसटी, शाळेच्या पोरी सायकलवर, सगळं त्या एका नळीतून जायचं. सकाळी एकदा कोंडी झाली की दुपारपर्यंत नुसते हॉर्न. किशन पेंटर, म्हणजे आमचे पेंटरमामा, म्हणायचे, "महानगरपालिका झाली बाबा, पर रस्ता अजून ग्रामपंचायतीचाच हाय."

खोली मिळत नव्हती. बाहेरगावचा एकटा मशीनवाला म्हटलं की लोक दार लोटायचे. तिसऱ्या दिवशी मी मशीनच्या सावलीत बसून वडापाव खात होतो, तर एक सडपातळ म्हातारा समोर येऊन उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहीवर तांबडा ठिपका, हातात रंगाचा डबा.

"कुठलं गाव म्हणलास?"

सांगितलं.

"समुद्राकडचा? मंग भात लागत असंल."

"लागतो."

"चल. आमच्या मागल्या खोलीत नुसते डबे पडलेत. डब्यांसंगं झोपशील?"

मी झोपलो. टर्पेंटाइनचा वास अंगातून जायला पुढं कितीतरी दिवस लागले. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणायचो. घरात ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरं काही शिजत नसे, पण मामी माझ्यासाठी वेगळा भात लावायच्या आणि रोज म्हणायच्या, "ह्यानं काय पोट भरतंय का रं?" भाड्याचा विषय मी काढला की दोघंही ऐकू न आल्यासारखं करायचे. परक्या मुलखात मला कुणी असं आत घेतलं नव्हतं. हे लिहिताना मला ते आधी सांगावंसं वाटलं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

किशन पेंटर जन्मभर त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते. किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, भांड्यांचं दुकान, सगळ्यांची नावं त्यांच्याच हातची. प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक 'किशन' आणि त्याखाली एक शेपटी ओढलेली. रस्त्यानं चालताना ते माणसांकडं बघायचेच नाहीत, पाट्यांकडं बघायचे आणि पुटपुटायचे. "हा 'श' बघ, दम लागलाय त्येला." "ह्यो 'र' कामून असा पळायलाय?" फ्लेक्सवरची अक्षरं दिसली की मान फिरवायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "अक्षर कसं, जेवलेलं दिसलं पाहिजे. उपाशी अक्षर कोन वाचंल?"

माझी सही बघून ते हळहळले होते. दुपारच्या सुट्टीत डांबरावर चुन्याची फक्की पसरून त्यांनी मला बोटानं अक्षरं गिरवायला लावली. मी पोट काढून 'अ' काढायचो आणि ते म्हणायचे, "आता कसा घरचा दिसायलाय." आज मी हे जे काय लिहितोय त्यातली अक्षरं तरी जेवलेली आहेत, ती त्यांच्यामुळं.

फ्लेक्स आले आणि त्यांचा धंदा बसला. बरीच वर्षं ब्रश कोरडे पडले होते. तेवढ्यात रस्त्याचं काम आलं. कुणाची इमारत रस्त्याच्या बाजूनं किती कापायची, तो आकडा आणि बाण भिंतीवर लाल रंगानं लिहायचा असतो. त्या खुणेपर्यंत माझ्यासारख्यानं मशीन न्यायचं. इंजिनिअरसाहेबांना स्वच्छ लिहिणारा आणि गाव ओळखणारा माणूस पाहिजे होता. पेंटरमामांनी काम घेतलं.

मी एकदा विचारलं, "मामा, तुमच्याच पाट्यांची दुकानं. तुम्हीच कशाला?"

"दुसरा कोनी यिऊन फरफटंल. मी निदान माणसासारखं लिहीन."

आतून मामी ओरडल्या, "खोटं बोलायलेत! हात खाजवायले होते त्यांचे. ब्रश हातात आला तसे लग्नातल्यासारखे नाचायलेत."

 मामींचं खरं होतं. त्या दिवसांत ते सकाळी शीळ घालत डबा ढवळायचे. तांबड्यात थोडा काळा टाकून तो भिंतीवर उठून दिसेल असा करायचे. पाडायच्या भिंतीवर ते पट्टी लावून, ओळ आखून, आकडा असा काढायचे की बघणारा थांबावा. इंजिनिअरसाहेब वैतागायचे.

"मामा, पाडायचंय ते. मिरवायचं नाही."

"पाडायचं हाय म्हणून वाकडं लिहावं का सायेब? मेलेल्या माणसाला बी नवं कापड घालतेतच की."

साहेब तरुण होते, हसले आणि निघून गेले. मामांचा एक नेम मात्र साहेबांना कधीच पटला नाही. ज्या घराची भिंत, त्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय ते डब्याचं झाकण उघडत नसत. दारात जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पानी द्या जरा." लोकांना कळायचं हा कशाला आलाय. कुणी मुकाट्यानं तांब्या पुढं करायचं, कुणी तास तास बाहेर उभं करायचं. गिरणीवाल्या आजीनं तर तांब्या त्यांच्यापुढं आपटला.

"घे, ढोस! आन् मग काप माझी गिरणी!"

मामा वर मान करून सगळं पाणी प्याले, थेंब न सांडता. मग म्हणाले, "आजी, तुमची पायरी आन् वटा जायलाय. गिरणी ऱ्हायली."

"खरं?"

"तुमच्या पाण्यावर हात ठिवून सांगतो."

आजी खाली बसली आणि रडायला लागली. मामा तिथंच बसून राहिले. साहेबांचा फोन वाजत होता, तो त्यांनी घेतला नाही.

आणखी एक नेम होता. ज्या भिंतीवर त्यांनी खूण केली, ती पाडताना ते हजर असायचे. ऊन असो, धूळ असो, पलीकडच्या बाजूला पाइपांच्या ढिगाजवळ हात मागं बांधून उभे. मी मशीनमधून बघायचो आणि मला ते नको वाटायचे. मी बादली टाकणार आणि समोर हा माणूस. एकदा म्हटलं, "मामा, तुम्ही घरी थांबा. लोक तुम्हालाच शिव्या देतात."

"मंग कुणाला देतील? कागदाला? मी खूण केलीया, मी बघितलं पाहिजे."

आता रहीमभाईंचं सांगतो. त्याच रस्त्यावर चांद टेलर्स नावाचं लहानसं दुकान होतं. रहीमभाई तिथं भाड्यानं होते, मालक दुसऱ्याच गावी. पेंटरमामांनी आयुष्यात पहिली पाटी रंगवली ती ह्या दुकानाची आणि रहीमभाईंनी दुकान उघडल्यावर पहिला शर्ट शिवला तो ह्यांचा. तेव्हापासून दुपारचा चहा दोघांचा एकत्र. मी आलो त्या वर्षीही तो चालू होता. रहीमभाई मशीनवर पाय मारत असायचे आणि मामा काउंटरला टेकून. बोलणं म्हणजे एकमेकांना चिडवणं.

"क्या रे किशन्या, आज किसका घर लिख्या?"

"तुझं ऱ्हायलंय. बटनं मोजून ठिव."

"हौ, लिख. अच्छे अच्छर में लिख. गिरेगा तो भी लोगां बोलेंगे, क्या खूब गिरा!"

आणि दोघं खोकेपर्यंत हसायचे. रहीमभाईंना वाटायचं आपली नुसती पायरी जाईल. रस्ता झाला पाहिजे हे त्यांचंही म्हणणं होतं. त्यांच्या दुकानासमोर एकदा उसाची ट्रॉली कलली होती आणि ह्या दोघांनी हातानं ऊस उपसून खालची सायकलवाली पोरगी बाहेर काढली होती. पोरगी वाचली, पाय गेला. तेव्हापासून दोघंही म्हणायचे, रस्ता झालाच पाहिजे.

नकाशा मामांनी आधीच बघितला होता. चांद टेलर्सची पायरी जात नव्हती, दुकानच जात होतं. मागची भिंत आणि तिच्यावरची खुंटी एवढं उरत होतं. आणि भाडेकरूच्या हातात भरपाईचं काही पडणार नव्हतं. हे त्यांनी रहीमभाईंना सांगितलं नाही. दुकानांची ती अख्खी ओळ त्यांनी लिहून काढली, पण मधलं एक दुकान कोरं ठेवून पुढं गेले. दुपारचा चहा घ्यायचे, रहीमभाई चिडवायचे, हे हसायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. मामी म्हणायच्या, "सांगून टाका की एकदाचं." हे म्हणायचे, "उद्या."

शेवटी साहेबांच्या ध्यानात आलं.

"मामा, हे एक कसं राहिलं?"

"करतो."

"आज करा. नाहीतर मी दुसरा माणूस बोलावतो, तो विटेच्या तुकड्यानं फुली मारून जाईल."

मला आठवतं, विटेच्या फुलीचं ऐकून मामांचा चेहरा बदलला. ते डबा घेऊन निघाले. मीही मागं गेलो, माझं मशीन बंदच होतं. रहीमभाईंनी नेहमीप्रमाणं चहा मागवला होता. मामा म्हणाले, "आधी पानी दे."

रहीमभाईंचा पाय थांबला. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं हे पाणी कसलं ते. ते उठले, माठातून ग्लास भरला, हातात दिला आणि म्हणाले, "कितना?"

"समदं."

 रहीमभाई परत मशीनवर बसले आणि अर्धी राहिलेली शिवण पुरी करायला लागले. मामा बाहेर आले.   त्यांनी भिंत पुसली, ओळ आखली आणि लिहायला लागले. एवढा सुंदर आकडा मी त्यांच्या हातून आधी बघितला नव्हता. बाण तर असा, जणू कुठं जत्रेला बोलावतोय. लिहिता लिहिता त्यांचा चेहरा शांत झाला. ओठ शीळ घालण्यासारखे झाले होते. मी शेजारीच होतो, मी बघितलं.

खूण पुरी झाली. आणि त्यांचा हात खाली कोपऱ्यात गेला, त्यानं बारीक 'किशन' लिहिलं आणि खाली शेपटी ओढली.

पाटी संपली की सही, ही त्या हाताची सवय. बाकीच्या कुठल्या खुणेवर ती झाली नव्हती. इथं झाली.

भांड्यांच्या दुकानातला माणूस मोठ्यानं हसला. "अरे रहीमभाई, बाहेर या! पेंटरनं ऑर्डरवर सही ठोकली की!" आणखी दोघंतिघं हसले. रहीमभाई गळ्यातली मापाची पट्टी सावरत बाहेर आले. त्यांनी आकडा वाचला, मग वाकून कोपरा वाचला. मामा ब्रश हातात धरून उभे.

"रहीम, हात चुकला."

रहीमभाई आत गेले आणि शटर अर्धं ओढलं. चहावाला दोन कप घेऊन आला तो बाहेरच थांबला.

मामांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून ती सही पुसायला घेतली. ओला रंग पसरला. जेवढं पुसत होते तेवढं तांबडं वाढत होतं. शेवटी कोपऱ्यात हाताएवढा डाग झाला आणि त्याच्या आतून 'किशन' वाचता येतच होतं.

गावात दोन दिवसांत एकच बोलणं. सरकारी कागद कुणी वाचला नव्हता, भिंतीवरचं सगळ्यांनी वाचलं. 'किशन्यानं दोस्ताचं दुकान घालवलं, वरून सही केली.' मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. मीच एकदा न राहवून म्हटलं, "मामा, सवयीनं झालं. तुम्ही रहीमभाईंना नीट समजावून सांगा."

 ते म्हणाले, "सवय न्हाई बाबा. रंग लय साधला हुता त्या दिवशी. मला आनंद झाल्ता." आणि परत, "त्येच्या भिंतीपुढं उभं ऱ्हाऊन मला आनंद झाल्ता. हे कसं सांगू त्येला?"

  माझं मशीन नीट चालतं, भिंत एका दमात बसते, तेव्हा मलाही बरं वाटतं. तेवढ्यापुरतं. मग मला मामा आठवतात.

ते दुकान पाडायचा दिवस आला. रहीमभाईंनी शिलाई मशीन, इस्त्री, कपाट सगळं आधीच हलवलं होतं. वरची पाटी मात्र तशीच. पेंटरमामा शिडी घेऊन आले.

"रहीम, पाटी तेवढी काढून देतो."

"नक्को. हात नक्को लगाना." रहीमभाई माझ्याकडं वळले. "चलाव बेटा. तू अपना काम कर."

मला बेटा म्हणाले. मी मशीन चालू केलं. साहेब घड्याळ बघत होते, मागं गाड्यांची रांग लागली होती. मी बादली शक्य तेवढी सावकाश नेली, पण सावकाश नेल्यानं काही वेगळं होत नाही. पाटी आधी गेली, मग भिंत. धूळ बसली तेव्हा रहीमभाई निघून गेले होते. मामा पाइपांजवळ होते, तसेच, हात मागं बांधून. त्यांचा पांढरा शर्ट विटकरी झाला होता.

संध्याकाळी मी खोलीत पडून होतो. मामांनी स्वतः ताट आणलं. भात होता, वर शेंगदाण्याची चटणी.

"जेव."

"भूक नाही."

"तुझा हात न्हवता रं, माझा हुता. तुला काय झालंय? जेव." आणि मी पहिला घास घेईपर्यंत ते दारात उभे राहिले. त्यांनी माझ्यावरचं ओझं असं अलगद काढून घेतलं. मी जेवलो, आणि अजून तो भात मला खाली उतरल्यासारखा वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी खुणांचं काम सोडलं. दुपारी चहाच्या वेळेला मात्र घरातून निघायचे. रहीमभाईंनी मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीच्या शेजारी पत्र्याच्या आडोशाला मशीन मांडलं होतं. मामा गल्लीच्या तोंडाशी जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. बोलवावं असं रहीमभाईंना वाटलं नाही, आणि बिनबोलावता जावं असं मामांना. मामी मला म्हणायच्या, "तिथं काय देऊळ हाय का, बाहेरून पाया पडून यायला?"

पावसाळ्याच्या आधी आमचा तो टप्पा संपला. रस्ता रुंद झाला, गाड्या सरळ जायला लागल्या. ठेकेदाराचं पुढचं काम देवगाव फाट्याकडं होतं. मशीन ट्रेलरवर चढलं आणि मी निरोप घ्यायला घरी गेलो. मामींनी चटणीचा डबा बांधून दिला होता.

"मामा कुठं?"

"गेलेत तिकडंच. आज बाजारातून शर्टाचं कापड घेऊन गेलेत. बघ, कापड घेऊन तरी आत जाऊ देतोय का त्यो."

ट्रेलर मोठ्या रस्त्यावर उभा करून मी गल्लीत शिरलो. सायकलवाल्याच्या आडोशापाशी थांबलो.

पेंटरमामा पत्र्याखाली उभे होते. कापड लाकडी फळीवर ठेवलेलं. रहीमभाई चष्मा पुसत होते. त्यांनी कापड उलगडलं, बोटांत चुरून बघितलं, आणि गळ्यातली पट्टी काढली.

मामा म्हणाले, "माझं माप तुला ठावं हाय की रहीम. कवा घेतलंस तू माप?"

"गिऱ्हाइकाचं माप घेतल्याबिगर आमी कापड कापत न्हाई," रहीमभाई म्हणाले. दुकानात येणाऱ्या कुणाशीही बोलतात तसं. "हात बाजूला करा."

मामांनी दोन्ही हात बाजूला पसरले. झडती घेताना माणूस उभा राहतो तसे ते उभे होते, मान खाली. रहीमभाईंनी छाती मोजली, आकडा मोठ्यानं बोलले. कंबर मोजली, बोलले. बाही मोजली. मग पाठीमागं गेले आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी लावली. आकडा बोलले नाहीत. पट्टी काढली, बघितली, आणि परत लावली.

मोठ्या रस्त्यावरून ट्रेलरवाल्यानं हॉर्न दिला. मी हाक मारली नाही. वळताना बघितलं तर मामा तसेच हात पसरून उभे होते आणि रहीमभाई मागं उभे राहून तोच खांदा पुन्हा मोजत होते.